देशाची ओळख : शिरगणतीत आपले घर



मोहाडी तालुक्यातील करडीच्या धानाच्या बांधीत उभे राहिले म्हणजे आपले जग शिवेपाशी संपते असे वाटते. पण तुमच्या वैनगंगेकडे पाहा. ती मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटकडून आपल्या मुलखात येते, पुढे वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि तेलंगणा, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत हिंदी, गोंडी, मराठी, तेलुगू बोलणारी माणसे हेच पाणी पितात. देश केवढा आणि किती परीचा, हे समजायला ही एक नदी पुरे.

आपला देश सुमारे 32 लाख 87 हजार चौरस किलोमीटरचा. माणसे मात्र सगळीकडे सारखी पसरलेली नाहीत. 2011 च्या जनगणनेत देशात एका चौरस किलोमीटरमागे सरासरी 382 माणसे भरली. बिहारात ती 1,106 होती, तर अरुणाचलात अवघी 17. लांब कशाला, आपल्याच राज्यात मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे 21 हजार, गडचिरोलीत 74 आणि भंडाऱ्यात 294. जिथे पाणी, सपाट जमीन किंवा रोजगार, तिथे वस्ती दाट. जिथे डोंगर आणि रान, तिथे विरळ. आपल्याकडे जुन्या पिढ्यांनी तलाव बांधले, धान पिकवले, म्हणून इथे गावे वसली आणि टिकली.

हे आकडे येतात कुठून? शिरगणतीतून. आपल्या देशात 1881 पासून दर दहा वर्षांनी ती होत आली. तिच्यातून सुखदुःखही कळते. 1911 ते 1921 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली. कारण 1918 साली इन्फ्ल्युएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली. 1951 मध्ये आपण 36 कोटी होतो, 2011 मध्ये 121 कोटी झालो.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब पाहा. 2001 मध्ये भंडारा जिल्ह्यात 11 लाख 36 हजार माणसे होती, 2011 मध्ये 12 लाख झाली. म्हणजे दहा वर्षांत शेकडा साडेपाच-पावणेसहाची वाढ. त्याच काळात महाराष्ट्र शेकडा 16 ने वाढला. कुटुंबे लहान झाली हे याचे एक कारण. दुसरे कारण तुम्हीच जाणता : रोवणी आटोपली, कापणी-मळणी झाली, की पोरे कामाला बाहेरगावी निघतात. काही परततात, काही तिथेच राहतात.

तुम्ही म्हणाल, आकड्यांनी आमचे पोट भरते का? भरते, बरे! रेशनचेच घ्या. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना धान्य द्यायचे, हे 2011 च्या शिरगणतीवरून ठरले. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे 7 कोटी माणसांचा आहे. त्यानंतर घराघरांत लेकरे जन्मली, सुना आल्या. पण इष्टांक त्याच जुन्या आकड्याला बांधलेला. 2021 ची शिरगणती कोरोनामुळे लांबली, म्हणून नवा आकडाच मिळाला नाही. नव्या नावाला जागा का मिळत नाही, याचे मूळ इथे आहे.

म्हणून पुढची शिरगणती सांभाळून करून घ्यायची. सरकारने 2025 मध्ये तिची घोषणा केली असून आपल्या भागासाठी 1 मार्च 2027 ही तारीख धरली आहे. 1931 नंतर प्रथमच सर्व जातींचीही नोंद तिच्यात व्हायची आहे.

दाराशी आलेला प्रगणक, बहुधा शाळेतले गुरुजी किंवा बाई, विचारतो, “घरची बाई काय करते?” आपण चटकन म्हणतो, “काही नाही, घरीच असते.” अहो, पऱ्हे कोण उपटते? दिवसभर चिखलात वाकून रोवणी कोण करते? निंदण कोणाचे? गाईचे दूध कोण काढते? मागच्या शिरगणतीच्या नियमांत घरच्या शेतातले बिनमजुरीचे काम हेही कामच धरले होते. केवळ घरी खाण्यापुरते दूध काढले तरी ते काम. वर्षात 6 महिने किंवा जास्त काम केले तर ‘मुख्य’, कमी केले तर ‘सीमांतिक’. पण आपणच “काही नाही” म्हटले, तर कागदावर ती बिनकामाची ठरते. मग शेतात राबणाऱ्या बायांसाठी योजना आखताना त्यांची संख्या कमी दिसते, यात नवल ते काय?

तसेच मातृभाषेचे. 2011 मध्ये लोकांनी सांगितलेली भाषांची नावे 19 हजारांवर होती. ती जुळवून पाहता 1,369 मातृभाषा ठरल्या. घरात पोवारी किंवा गोंडी बोलत असाल तर तेच नाव सांगा. त्यात कमीपणा नाही.

तान्ही लेक आणि खाटेवरची आजी यांची नावे विसरू नका. जो मुलगा गणनेच्या सगळ्या दिवसांत बाहेरगावी आहे, त्याची गणना तिथे व्हायची. त्याला तसे आधीच कळवा, नाहीतर तो ना इथला ना तिथला.

आणि भिऊ नका. 1948 च्या जनगणना कायद्याने तुमची माहिती गुप्त राहते. कोर्टात ती पुरावा म्हणून चालत नाही. नवऱ्याचे नाव घ्यायची रीत नसेल, तर बाईवर ते सांगायची सक्ती नाही, असेही त्या कायद्यात लिहिले आहे.

तेव्हा वाचकहो, आज रात्री जेवणे झाली की पोरांना पाटी घेऊन बसवा. घरात माणसे किती, कोणाचे वय काय, कोण कोणते काम करते, हे लिहून काढा. घरच्या बाईच्या नावापुढे काय लिहायचे, ते मात्र तिलाच विचारा.