मोठ्यांची करमणूक

परवा आमच्या गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहत बसलो. मुलाचा मुंबईहून फोन : "बाबा, या वयात जागरण कशाला?" फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून इथे लिहितो.

चौतीस वर्षे मास्तरकी केली. पुस्तक असो वा नाटक, माझी फूटपट्टी एकच : मुलांना दाखवता येईल का? गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच गाजला, पुढे प्रयोग पाच हजारांवर गेले. आमच्या सौ.ला ते फार पाहायचे होते. मी म्हटले, "शिव्यांचे नाटक! मास्तराच्या बायकोने जायचे?" ती पुन्हा बोलली नाही. कांबळी २००७ साली गेले. दोन वर्षांपूर्वी सौ.ही गेली. तिचे ते नाटक राहूनच गेले.

तर परवाची जत्रा. बारा वाजून गेलेले, पोरे आयांच्या मांडीवर झोपलेली. जागी होती ती सगळी मोठी माणसे. दिवसभर मासळी विकून आलेल्या बायका, रापण ओढणारे गडी. काळ्या वेषातला, लाल जिभेचा संकासुर आला आणि सोसायटीचे कर्ज, भावकीचे तंटे, नवराबायकोची भांडणे यांवर मालवणीत सुटला. बायका पदराने डोळे पुसत हसत होत्या. सौ. गेल्यापासून प्रथमच मीही मोकळा हसलो.

तेव्हा कळले, मोठ्यांसाठी म्हणजे केवळ चावट नव्हे. संसाराचे चटके बसल्याशिवाय तो विनोद कळतच नाही. पोरांना गोष्ट लागते, तशी मोठ्यांनाही स्वतःची लागते. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट समोरच्यांचा अंदाज घेत बोलतो. म्हणजे आपली दाद ही निव्वळ शाबासकी नाही, ती खेळाचा भागच आहे. ती न देता नावे ठेवणारा माणूस फुकट बघणाऱ्यापेक्षा वाईट. मी तर न बघताच नावे ठेवली!

तो संकासुर माझाच विद्यार्थी. वर्गात पेंगायचा म्हणून मी त्याला छड्या मारलेल्या. पहाटे रंग पुसता पुसता म्हणाला, "गुरुजीनू, तुमी हसलास ता माका थयसून दिसला."

मला काही बोलता आले नाही. शेजारची जागा मात्र फार रिकामी वाटली.

वाचकहो, घरात कुणी एखाद्या नाटकाला जाऊ म्हणाले, तर आधी जाऊन या. फूटपट्टी नंतर काढा.