कुएलाप : किल्ला म्हटले की निम्मेच कळते

पेरूच्या उत्तरेकडील अँडीज पर्वतात, सुमारे ३००० मीटर उंचीवर, इंका साम्राज्याच्या कित्येक शतके आधी चाचापोया लोकांनी कुएलाप उभारले. जागोजागी २० मीटरपर्यंत चढणारा तट आणि आत जाताना एकच माणूस मावेल इतकी निमुळती होणारी प्रवेशद्वारे पाहून त्याला ‘किल्ला’ हे नाव चिकटले. परंतु त्याच तटाच्या भिंतींत मृतांच्या अस्थी सापडल्या आहेत. ज्या भिंतीत पूर्वज विसावले, तिला केवळ लढाईची भिंत कसे म्हणावे? संरक्षण आणि श्रद्धा तेथे एकाच दगडात नांदत होती. एप्रिल २०२२ मध्ये पावसाने या तटाचा काही भाग ढासळला. तो पुन्हा रचताना निव्वळ बुरूजबंदी डोळ्यांपुढे ठेवली, तर दगड उभे राहतील, कुएलाप राहणार नाही.