आखाडा रोमचा, घाट शिरूरचा

२०१० साली सुरू झालेल्या ‘स्पार्टाकस’ या परदेशी दूरचित्रवाणी मालिकेत बटायटस नावाचा ग्लॅडिएटरांचा मालक आहे. आखाड्यात मरतात गुलाम. टाळ्यांच्या जोरावर सत्तेची खुर्ची मात्र याला हवी असते.

ही नुसती कथा नव्हे. इ.स.पूर्व ६५ मध्ये ज्युलियस सीझरने जनतेसमोर ग्लॅडिएटरांच्या ३२० जोड्या उतरवल्या. दोनच वर्षांनी सिसेरोने कायदा केला, की उमेदवाराने निवडणुकीआधी दोन वर्षे असे खेळ भरवू नयेत. खेळ ही मतांची लाच आहे, हे रोमलाही कळले होते.

आता आपला शिरूर लोकसभा मतदारसंघ पाहा. भीमाकाठच्या वडगाव रासाईपासून जुन्नरच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या या मतदारसंघात बैलगाडा शर्यत हे राजकारणाचे हुकमी नाणे आहे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने त्यासाठी कायदा दुरुस्त केला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला. छोट्या पडद्यावर संभाजी महाराज साकारणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये येथून खासदार झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी निमगावच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडी पळवली. त्याच वर्षी चिखलीच्या शर्यतीत बक्षीस होते जेसीबी!

शेतकऱ्याने बैलावर जीव लावावा. आमची तक्रार त्याच्याविषयी नाही. पण त्याच २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावर राबणाऱ्या भूमिहीनांना नोटिसा गेल्या, तेव्हा ही सर्वपक्षीय एकजूट कुठे होती? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये ज्या जमिनीसाठी सत्याग्रह केले, तिच्यासाठी घाटात हलगी का वाजत नाही?

राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. याच भीमेच्या काठी, कोरेगावला, दर १ जानेवारीला लाखो लोक पदरमोड करून येतात. तिथे बक्षीस नसते. ते प्रेक्षक म्हणून येत नाहीत, वारस म्हणून येतात.

स्पार्टाकस मोठा ठरला तो आखाडा जिंकून नव्हे, तर आखाडा सोडून. आपल्या तरुणांनी शर्यत खुशाल पाहावी. पण मंचावरच्या पुढाऱ्याला एवढेच विचारावे : साहेब, आमच्या गायरानाच्या सातबाऱ्याचे काय झाले?