भाकरी, साखर आणि श्रम

साखर खाणारासच मधुमेह होतो, भाकरी खाणारास त्याचें भय नाहीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. भाकरींतील पिष्टाचें पचन झालें कीं त्याचीही ग्लुकोज नांवाची साखरच होते. फरक आहे तो वेगाचा आणि मापाचा. कोंड्यासह दळलेल्या बाजरीची भाकरी मटकीच्या वा हुलग्याच्या उसळीबरोबर खाल्ली, तर ती हळूहळू पचते. गोड पेयांतील साखर मात्र झपाट्यानें रक्तांत उतरते.

निरोगी प्रौढ मनुष्याच्या साऱ्या रक्तांत उपाशीपोटीं साखर असते ती अवघी पांच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा. थंड पेयाच्या एका लहान बाटलींत ती सुमारें ३० ग्रॅम असते! ही भर आवरण्यासाठीं स्वादुपिंड इन्शुलिन नांवाचा स्राव रक्तांत सोडतें. त्याच्या योगानें साखर स्नायूंत शिरते, कांहीं यकृतांत सांठते. त्याच वेळीं चरबीच्या कोठारांतून बाहेर पडण्याची वाट इन्शुलिन रोखून धरतें. खर्चाहून अन्न नित्य अधिक झालें कीं तें कोठार फुगतें, पुढें स्नायू इन्शुलिनला दाद देईनासे होतात, आणि शेवटीं कित्येकांचें स्वादुपिंड थकतें.

१९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें. जानेवारी १९२२ मध्यें तें प्रथम टोचलें गेलें तें चौदा वर्षांच्या एका मुलास. कांहीं मुलांच्या शरीरांत तें जवळजवळ तयारच होत नाहीं. हा त्यांच्या जिभेचा दोष नव्हे. अशा सोबत्यास कोणीं हिणवूं नये.

आपण सडपातळ आहों, म्हणून निर्धास्त राहणेंही बरें नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत जन्मलेल्या बालकांचीं मापें घेऊन दाखविलें कीं, इंग्लंडमधील बालकांहून तीं वजनानें बरींच कमी असलीं, तरी अंगांतील चरबी त्या मानानें कमी नसते.

आपला जिल्हा साखरेचा. हरेगांवचा बेलापूर कंपनीचा कारखाना जुना. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० सालीं सुरू झाला. या उद्योगानें अनेक घरांत सुबत्ता व शिक्षण आलें. त्याची निंदा करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या ऊंसतोड मजुराच्या भाकरीची साखर त्याचे स्नायू लागलीच खर्चून टाकतात. बाकावर आणि मोटारसायकलीवर बसणाऱ्या आपणांस तो हिशेब लागू पडत नाहीं. आजोबांचें ताट आपण ठेविलें, त्यांचे श्रम मात्र सोडले!

म्हणून माझें मत असें कीं, मधल्या सुट्टीच्या डब्यांत भाकरी व उसळ असावी, शाळेच्या समारंभांत बाटलीबंद पेयाऐवजीं ताक द्यावें, आणि प्रत्येकानें रोज घाम येईपर्यंत खेळावें. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण भाकर मागतों ती एका दिवसापुरती. तें माप शरीरासही मानवतें.