पावती दाखवा, भेट घ्या

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत 'सणांचे बाजारीकरण' या विषयावर मी सात मिनिटे बोललो. उदाहरण म्हणून नाताळ घेतला. मी वसईचा, कॅथलिक घरातला. तेव्हा हा विषय माझ्या हक्काचा, असे मला वाटले. बाजाराने येशूचा वाढदिवस पळवला, गव्हाणीच्या जागी गल्ला आला, अशी टाळ्यांची वाक्ये मी पाठ केली होती आणि टाळ्या पडल्याही. उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी मी मुंबईच्या एका उपनगरातल्या मॉलमध्ये लाल झगा घालून, कापसाची दाढी लावून आणि पोटाला उशी बांधून उभा होतो. दिवसाला आठशे रुपये, आठ दिवसांचे काम, दुपारचे जेवण वेगळे. (स्पर्धेच्या परीक्षकांपैकी एक सर तिथे सहकुटुंब खरेदीला आले होते. त्यांनी मला ओळखले नाही, दाढीचे उपकार!)

हे पापनिवेदन नव्हे. त्यासाठी आमच्याकडे वेगळी जागा आहे. फीचा दुसरा हप्ता भरायचा होता, काम प्रामाणिक होते, ते मी केले. परंतु त्या आठ दिवसांत जे पाहिले त्यामुळे माझे ते भाषण मलाच खोटे वाटू लागले. राग खरा होता. आरोपी मात्र मी चुकीचा पकडला होता.

माझ्या भाषणाचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता. ते असे की, पूर्वी कधीतरी एक शुद्ध, निर्मळ, केवळ श्रद्धेचा नाताळ होता आणि मग बाजार आला. वास्तविक असा काळ इतिहासात शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही. लूक गव्हाणीची आणि मेंढपाळांची हकिगत सांगतो. मत्तय पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची सांगतो. त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस आणले, पण ते तिघे होते असेही तो म्हणत नाही. 25 डिसेंबरची ठळक नोंद सापडते ती इ.स. 354 च्या एका रोमन पंचांगात. आणि रोममध्ये डिसेंबर हा आधीपासूनच मौजेचा महिना होता. सॅटर्नेलियाच्या सणात लोक खात-पीत आणि एकमेकांना मेणबत्त्या नि मातीच्या बाहुल्या भेट देत. बाहुल्या विकणारे तेव्हाही होतेच.

त्याहून मौज पुढे आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्युरिटन मंडळींच्या हाती सत्ता आली. ही माणसे श्रद्धेच्या बाबतीत कमालीची कडवी. बायबलात ज्याला आधार नाही तो सण कशाला, आणि त्या निमित्ताने चालणारी दारू, जुगार, धिंगाणा तर मुळीच नको, असे म्हणून 1647 साली पार्लमेंटने नाताळच रद्द केला. त्या वर्षी 25 डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने हुकूम सोडला की, आज बाजार नेहमीप्रमाणे भरला पाहिजे, दुकाने उघडी राहिली पाहिजेत. लोक खवळले. ज्यांनी दुकाने उघडली त्यांची दुकाने फोडण्यात आली, शहरात दंगल झाली. म्हणजे पाहा, धर्मनिष्ठ लोक म्हणत होते दुकाने उघडा आणि सामान्य माणूस म्हणत होता, नाताळ आहे, दुकाने बंद करा! अटलांटिकच्या पलीकडे मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवण्यात आला आणि तो कायदा 1681 पर्यंत टिकला. हा इतिहास स्पर्धेपूर्वी मी वाचला असता तर त्या टाळ्यांना मुकलो असतो.

पण सामान्य माणसाला तो सण एवढा प्रिय का होता? केवळ दारूसाठी नव्हे. इंग्लंडच्या खेड्यांतून नाताळात गोरगरीब गाणी म्हणत जमीनदाराच्या दारी जात आणि खाणे-पिणे मागत. मागत म्हणजे भिक्षा मागत नसत; हक्क बजावीत असत. वर्षभर ज्याच्या शेतात राबलो त्याने या दिवसांत दार उघडले पाहिजे, चांगल्यातली दारू काढली पाहिजे, अशी ती रीत होती. न उघडल्यास शिव्या आणि प्रसंगी दगडही पडत. या रीतीला रम्य म्हणण्याचे कारण नाही. बारा दिवस दार उघडायचे आणि उरलेले वर्ष मान खाली घालायला लावायची, असाही तिचा अर्थ निघतो. तरीपण तिच्यात देण्याची दिशा स्पष्ट होती: ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे, आणि तेही घराचा उंबरा ओलांडून.

ही दिशा कधी बदलली, याचे उत्तर स्टीफन निसेनबॉम या अमेरिकन इतिहासकाराने 1996 सालच्या 'द बॅटल फॉर ख्रिसमस' या ग्रंथात दिले आहे आणि मला ते पटले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क झपाट्याने वाढत होते. हिवाळ्यात कामे बंद पडत, बेकार तरुणांच्या टोळ्या नाताळात डबे बडवीत रस्त्यांवरून फिरत आणि श्रीमंतांच्या दारांवर धडका देत. खेड्यातला जमीनदार दाराशी आलेल्याला नावाने ओळखत होता. शहरातल्या श्रीमंताला ही अनोळखी माणसे नकोशी झाली. तेव्हा तिथल्या प्रतिष्ठितांनी नाताळ रस्त्यावरून उचलून घरात नेला. 1823 साली क्लेमंट मूर यांच्या नावावर असलेली ती सुप्रसिद्ध कविता छापून आली. रात्री धुराड्यातून उतरणारा, मोज्यांत खेळणी भरणारा निकोलस तिच्यात आहे. दार वाजत नाही, कुणी काही मागत नाही. घेणारी आहेत ती घरातलीच मुले. गरिबाच्या जागेवर मूल येऊन बसले, असे निसेनबॉम यांच्या म्हणण्याचे सार आहे. आणि स्वतःच्या मुलाला द्यायचे तर घरात शिजवलेले चालत नाही, दुकानातून आणलेले लागते! नव्या नाताळाबरोबर त्याचा बाजारही वाढत गेला. बाजाराने सण पळवला नाही. सणाने घराचे दार लावून घेतले आणि बाजाराने आतला पुरवठा सांभाळला.

याचे एक चित्रच उपलब्ध आहे. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांनी विक्रीसाठी पहिले नाताळचे कार्ड छापून घेतले, किंमत एक शिलिंग. त्याच्या मधोमध एक सुखवस्तू कुटुंब मद्याचे पेले उंचावून बसले आहे. आणि दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या चौकटींत गरिबांना अन्न आणि वस्त्र दिले जात आहे. मधे आपण, समासात ते. त्या काळी टीका झाली ती पेला लहान मुलाच्या तोंडी लावलेला दाखवल्याबद्दल. समासाबद्दल टीका झाल्याचे मी वाचलेले नाही.

त्याच वर्षी, त्याच महिन्यात डिकन्सचे 'ए ख्रिसमस कॅरोल' आले. डिकन्सला तेव्हा पैशांची ओढाताण होती आणि नाताळच्या तोंडावर पुस्तक खपेल हा हिशेब त्यानेही केला होता. पहिल्या सहा हजार प्रती नाताळपूर्वीच संपल्या. म्हणून ते पुस्तक खोटे ठरत नाही. कंजूष स्क्रूज शेवटी आपल्या कारकुनाच्या घरी टर्की पाठवतो, आणि कुणी पाठवली हे कळू देत नाही. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मूळ निकोलस, चौथ्या शतकातला मायरा नगरीचा बिशप (मायरा आजच्या तुर्कस्तानात येते), त्याचीही दंतकथा अशीच आहे. एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसा नाही. निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, एकदा नव्हे, तीनदा. देणारा दिसू नये, एवढाच त्याचा आग्रह. त्याच निकोलसला आज पाच मैलांवरून दिसेल असा लाल झगा आपण घातला आहे. (तो झगा एका शीतपेयाच्या कंपनीने 1931 साली शिवला, असे पुष्कळांना वाटते. कंपनीच्या जाहिरातींनी तो जगभर नेला हे खरे. पण लाल पोशाखातला सांता त्याआधीच्या चित्रांतही आहे.)

श्रद्धा आणि धंदा यांचे भांडण झाले असते तरी एक वेळ परवडले असते. तसे झाले नाही. फिलाडेल्फियाचे मोठे दुकानदार जॉन वॉनमेकर अत्यंत धार्मिक, रविवारची शाळा चालवणारे. त्यांच्या दुकानाच्या भव्य चौकात 1911 पासून एक प्रचंड ऑर्गन वाजू लागला. नाताळात तो चौक चर्चसारखा सजे आणि गिऱ्हाइके उभी राहून स्तोत्रे गात. ती लबाडी नव्हती. वॉनमेकर मनापासून गात असणार. अडचण तीच आहे. 1939 साली तर खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दुकानदारांच्या विनंतीवरून थँक्सगिव्हिंगचा दिवस 30 नोव्हेंबरवरून 23 ला आणला, का तर नाताळच्या खरेदीला एक आठवडा जास्त मिळावा म्हणून. देवाचे आभार मानण्याचा दिवस गल्ल्याच्या सोयीने हलला. अर्ध्याअधिक राज्यांनी तो मानला, बाकीच्यांनी नाकारला, आणि शेवटी 1941 साली कायदा करून चौथा गुरुवार मुक्रर करावा लागला. 1993 साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने हिशेब मांडला की, भेटीवर खर्च झालेल्या पैशातला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो, कारण घेणाऱ्याला ती वस्तू तेवढ्या मोलाची वाटत नाही. हा हिशेब अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी अवश्य शिकवावा. पण तोही घरातल्या घरातच हिशेब करतो. ज्याला मुळात भेट पोहोचलीच नाही त्याचा रकाना त्यात नाही.

तो रकाना मला मॉलमध्ये दिसला.

माझ्या पोतडीत चॉकलेटे आणि छोटी खेळणी असत. नियम असा होता की, हजार रुपयांच्या खरेदीची पावती दाखवील त्याच्या मुलाला पोतडीतून भेट द्यायची, फोटो काढू द्यायचा आणि पावतीवर शिक्का मारायचा. शिक्का मारणारा सांता! पहिल्या दिवशी मला हसू आले. तिसऱ्या दिवशी हात आपोआप पावतीकडे जाऊ लागला. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिथे झाडलोट करणाऱ्या एका बाईंचा मुलगा, पाच-सहा वर्षांचा, रांगेत येऊन उभा राहिला. शाळेला सुट्टी, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून त्या त्याला सोबत आणत. त्याचा नंबर आला. त्याने हात पुढे केला आणि मी, सवयीने, म्हणालो, "पावती?"

तो काही बोलला नाही. त्याची आई लांबून धावत आली, त्याला ओढून घेतले आणि माझीच माफी मागितली. "चुकून आला हो, सर." मला सर म्हणणारी ती पहिली व्यक्ती. मी पोतडीत हात घातलाही, पण तोवर दोघे निघून गेले होते आणि पुढचे मूल मांडीवर बसले होते. शेवटच्या रात्री उरलेली चॉकलेटे मोजून परत घेण्यात आली. सदतीस होती.

हे घडले त्यात बाजाराचा दोष आहेच. पण तो नियम करणाऱ्यांना मी एकट्याने दोष द्यावा तर कोणत्या तोंडाने? 25 तारखेला सकाळी, मध्यरात्रीच्या मिस्सेची झोप डोळ्यांत असताना, आईने केक, करंज्या आणि कुलकुल यांची ताटे भरली आणि दरवर्षीप्रमाणे मी ती आळीत वाटायला निघालो. आमच्याकडे याचा फार अभिमान आहे. दिवाळीत हिंदू शेजाऱ्यांचा फराळ आमच्याकडे येतो, नाताळात आमचे ताट त्यांच्याकडे जाते. माझ्या भाषणातही हा परिच्छेद होता आणि परीक्षकांनी माना डोलावल्या होत्या. त्या सकाळी मी प्रथमच ताटे मोजली. अकरा. अकराही घरे अशी, की ज्यांच्याकडून काही ना काही परत येतेच. रिकामे ताट परत करू नये ही आपली रीत, म्हणून कुणी साखर घालते, कुणी केळी. आमच्या वाडीत बारा महिने पाणी धरणारे आदिवासी जोडपे वाडीच्या टोकालाच राहते. त्यांना ताट नव्हते.

लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू यजमानाला सांगतो की, मेजवानीला मित्र आणि श्रीमंत शेजारी बोलावू नकोस, ते तुला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल. गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव, त्यांच्यापाशी फेड करायला काही नाही. हा भाग मी चर्चमध्ये उभा राहून मोठ्याने वाचलेला आहे. पावती मॉलनेच मागितली असे नाही; आमच्या आळीत ती छापलेली नसते एवढेच.

संध्याकाळी मी आईला विचारले, बारावे ताट का नाही? मला वाटले होते ती ओशाळेल. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "त्यांना मी वर्षभर देतेच की रे. पण ताट वेगळं. ताट गेलं की ते रिकामं कसं परत करायचं, याचा घोर त्या बिचारीला लागेल. तिच्या घरात साखर असते का, तू कधी पाहिलंस?"

मी पाहिले नव्हते. यावर काय बोलावे ते मला अजून सुचलेले नाही. निकोलस रात्री का गेला आणि दार न वाजवता का परतला, ते मात्र थोडे कळल्यासारखे वाटते.