दिव्यांचं कॅबिनेट आणि बिननावाचं एसएमपीएस

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सोलापूरच्या एका नववीतल्या मित्राचं पत्र आहे. तो लिहितो, "काका, आईची भिशी लागली आहे. बाबा त्यात थोडे पैसे घालणार आहेत आणि गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचं ठरलंय. ताई पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाईल, तिलाही तोच वापरायचा आहे. बाबांनी बजावलंय, एकदा घेतला की पाच वर्षं कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही! दुकानातून मिळालेली यादी सोबत पाठवतो. ती बरोबर आहे का?"

यादी मी दोनदा वाचली. इंटेलचा आय-सेव्हन प्रोसेसर. ३२ जीबी रॅम, एकच पट्टी. एक टीबीची हार्ड डिस्क. काचेचं कॅबिनेट, त्याला रंगीत दिव्यांचे सहा पंखे. ग्राफिक्स कार्ड '४ जीबी', पुढे काहीच नाही. एसएमपीएस '५०० वॅट', कंपनीचं नाव नाही. आणि मॉनिटर? तो यादीतच नव्हता! 'तुमच्या पसंतीने' एवढंच लिहिलं होतं.

आता तुम्हीच सांगा, या यादीत चुकलंय काय? आय-सेव्हन म्हणजे भारी, ३२ जीबी म्हणजे भरपूर, दिवे तर काय, झकासच. तरीही हा कॉम्प्युटर गेम खेळताना अडखळणार. का, ते समजायला आपण जरा रांगोळी काढू.

समजा, शाळेच्या मैदानावर भली मोठी रांगोळी काढायची आहे. चित्रकलेच्या बाई ठिपके मांडतात, रेघा ओढतात, कुठे मोर नि कुठे कमळ ते ठरवतात. मग शेकडो मुलं बसतात आणि आपापल्या घरात रंग भरतात. गेममध्ये अगदी हेच चालतं. चेंडू कुठे गेला, गोलकीपरने उडी मारली का, विमान किती वळलं, हा विचार प्रोसेसर करतो. तो म्हणजे आपल्या बाई. त्याच्याकडे हुशार पण मोजके हात असतात, सहा किंवा आठ कोअर. रंग भरायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. २०२३ मध्ये आलेल्या जीफोर्स आरटीएक्स ४०६० या मधल्या फळीतल्या कार्डात असे ३०७२ छोटे कोअर आहेत. तीन हजार मुलं रंगाची वाटी घेऊन बसलीत असं समजा.

घरं किती भरायची? साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा बरं. २० लाख ७३ हजार ६००! आणि ही रांगोळी एकदा भरून भागत नाही. हालचाल गुळगुळीत दिसायला ती सेकंदाला निदान ६० वेळा पुसून नव्याने काढावी लागते. एका रांगोळीला वेळ मिळतो सेकंदाचा साठावा भाग.

आता सोलापूरच्या यादीकडे पुन्हा बघा. बाई पहिल्या नंबरच्या, पण रंग भरायला चारच मुलं. बाई रेघा ओढून हाताची घडी घालून बसणार! आय-सेव्हनला मोजलेले जास्तीचे पैसे त्या वाट बघण्यात गेले. उलटही होतं, बरं का. तीन हजार मुलं आणि बाई मात्र रमतगमत येणाऱ्या, तर मुलं वाट्या घेऊन ताटकळत बसतात. म्हणून सगळ्यात महाग प्रोसेसर किंवा सगळ्यात महाग कार्ड असा हिशेब नसतो. दोघांची जोडी जमते का, ते बघायचं.

त्यासाठी सुरुवात करायची ती यादीत नसलेल्या मॉनिटरपासून. कारण किती घरं भरायची ते तोच ठरवतो. ४के मॉनिटरवर फुल एचडीच्या बरोबर चौपट ठिपके असतात, ८२ लाख ९४ हजार ४००. म्हणजे कार्डाचं काम जवळजवळ चौपट. 'मॉनिटर मोठा घेऊ, बाकी बघू' म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, १४४ चा १४४. तेव्हा एका चित्राला जेमतेम सात मिलिसेकंद मिळतात. शाळकरी मुलाच्या टेबलावर २४ इंची फुल एचडी मॉनिटर अगदी छान दिसतो. मॉनिटर दहा वर्षंही टिकतो, पुढच्या कॉम्प्युटरलाही चालतो. तिथे कंजुषी नको आणि हावही नको.

मग गेम कोणते, हा प्रश्न. आपल्या मित्राने चार नावं लिहिली आहेत : माइनक्राफ्ट, फुटबॉलचा एक गेम, 'राजी' (हा २०२० मध्ये आलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलाय, माहीत होतं का?) आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. यातला शेवटचा खरा खादाड! २०२० च्या आवृत्तीलाच डिस्कवर १५० जीबी जागा लागते, आणि मोठ्या शहरावरून विमान नेलं की बाईंनाही घाम फुटतो. बाकीच्यांचं तसं नाही. फुल एचडीवर सहा कोअरचा आय-फाइव्ह किंवा रायझन ५ घेतला तर या गेमांना पुरतो. वाचलेले पैसे कार्डाकडे वळवावेत. माझं विचाराल तर गेम हेच मुख्य काम असेल तेव्हा एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा कार्डाला द्यावा.

पण कार्ड घेताना खोक्यावरचं एक न् एक अक्षर वाचा. नावं फसवी असतात. २०१७ मध्ये जीटी १०३० नावाचं छोटं कार्ड आलं. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं आलं, फक्त त्यात आधीची जीडीडीआर५ मेमरी नव्हती, साधी डीडीआर४ होती. मेमरीचा वेग तिपटीने घसरला. नाव तेच! जीटीएक्स १०६० ची ३ जीबी आणि ६ जीबी अशी दोन रूपं होती, त्यांत नुसती मेमरी नव्हे तर कोअरही कमीजास्त होते. म्हणून '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' एवढ्यावर कुणी पैसे मोजू नयेत. 'चार चाकांची गाडी' म्हटल्यावर बैलगाडी आली की मोटार, ते कसं कळणार? पूर्ण नाव, मेमरी किती आणि कुठल्या जातीची, हे यादीत लिहून मागा. प्रोसेसरचंही तसंच. इंटेलच्या नावापुढे 'एफ' अक्षर असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसतात. कार्ड बंद पडलं की पडदा काळा!

रॅमबद्दल थोडक्यात. या चार गेमांना १६ जीबी पुरते, पण एकाऐवजी ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. दोन पट्ट्या म्हणजे दोन वाटा, माहितीची ने-आण दोन्हींकडून होते. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तेव्हा मदरबोर्ड कुठल्या जातीचा ते आधी पाहायचं. हार्ड डिस्कऐवजी एनव्हीएमई एसएसडी घ्या. फिरत्या तबकडीवरून गेम उघडेपर्यंत चहा होतो.

भावाचं एक सांगतो, म्हणजे दुकानदाराला उगाच बोल लावणार नाही. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डं मिळेनाशी झाली होती. एकतर चिप्सचा तुटवडा, त्यात इथेरियमसारखं आभासी चलन 'खणायला' लोक कार्डं ढिगाने उचलत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली. पुढे २०२५ च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप्स हव्या होत्या. त्यामुळे महिन्यापूर्वीची यादी आज तशीच लागू पडेल असं नाही. खरेदीच्या दिवशी भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर एक चक्कर मारली तरी पुष्कळ कळतं.

आता ज्याच्यासाठी एवढा प्रपंच केला, ते एसएमपीएस. कॅबिनेटच्या तळाशी असलेली ही चौकोनी पेटी कुणाला दाखवायला कामाची नाही. तिच्यात दिवे नाहीत, तिने गेमचा वेग वाढत नाही. म्हणून पैसे कमी पडले की यादीत पहिली कात्री तिलाच लागते. ती करते काय? भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेते आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकाच दिशेची वीज करून प्रत्येक भागाला देते. मदरबोर्ड, कार्ड, डिस्क, सगळे तिच्याच ताटात जेवतात. चांगल्या पेटीत रक्षणाची व्यवस्था असते. व्होल्टेज चढलं, कुठे शॉर्ट झालं, की ती स्वतःला बंद करून घेते. स्वस्तातल्या बिननावाच्या पेटीत यातलं काय आहे नि काय गाळलंय, कळायला मार्ग नाही. लेबलावरचे ५०० वॅटही नुसते लेबलावरच असू शकतात. आणि अशी पेटी जाते तेव्हा नेहमी एकटी जात नाही, मदरबोर्ड किंवा कार्ड सोबत घेऊन जाते. भिशीचे पैसे एका दुपारी स्वाहा!

किती वॅटची हवी, हा हिशेब सोपा आहे. ६५ वॅटचा प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, बाकी सगळ्याला ६०-७० धरा. झाले २५०. वर मोकळीक ठेवून चांगल्या कंपनीची ५५० वॅटची पेटी घेतली की झालं, हजार वॅटची काही गरज नाही. खोक्यावर '८० प्लस' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के कामी येते, बाकीची उष्णता होते. तो काटकसरीचा शिक्का आहे, सुरक्षेचा नव्हे. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची तेही बघा. आणि आई-बाबांनो, विजेच्या बिलाची धास्ती घेऊ नका. ३०० वॅट धरले आणि रोज दोन तास खेळ झाला तर महिन्याला १८ युनिट होतात. मात्र प्लगच्या तिसऱ्या पिनेला अर्थिंग खरोखर आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. हे काम मुलांनी करायचं नाही.

सोलापूरचा मे महिना सोलापूरकरांना मी काय सांगावा! खोलीतच ४० अंश असतील तर कॅबिनेटमधले पंखे तीच गरम हवा आत ओढणार. पुढून काचेने बंद केलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीचं कॅबिनेट कधीही बरं. दिवे हवे असतील तर खुशाल घ्या, मलाही आवडतात. पण सगळं घेऊन पैसे उरले तर.

आणि नाही उरले तर? दोस्तांनो, इथे एक युक्ती आहे. काही भाग मागाहून सहज वाढवता येतात आणि काही बदलायचे तर सगळं उघडावं लागतं. ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क मागाहून येऊ शकतात. एसएमपीएस आणि मदरबोर्ड मात्र आत्ताच धड घ्यायला हवेत. एएमडीचे नावापुढे 'जी' असलेले काही प्रोसेसर, उदाहरणार्थ २०२४ मध्ये आलेला रायझन ५ ८६००जी, अंगचे चांगले ग्राफिक्स घेऊनच येतात. माइनक्राफ्ट आणि फुटबॉल त्यावर आरामात चालेल, फ्लाइट सिम्युलेटरची चित्रं मात्र साध्या दर्जाची ठेवावी लागतील. ताईचं कोडिंग पहिल्या दिवसापासून सुरू. वर्षा-दोन वर्षांनी पैसे साठले की कार्ड बसवायचं. हा प्रोसेसर ज्या एएम५ सॉकेटवर बसतो, तो निदान २०२७ पर्यंत चालू ठेवू, असं एएमडीने सांगितलं आहे. म्हणजे प्रोसेसर बदलायची वाटही उघडी राहते. पाच वर्षं नाव काढायचं नाही, असं बजावणाऱ्या बाबांना हे पटायला हरकत नाही. मी असतो तर हेच केलं असतं.

बिल पक्कं घ्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरला एकच वॉरंटी नसते, प्रत्येक भागाची वेगळी असते. खोकी वर्षभर तरी माळ्यावर ठेवा. आईने कितीही कटकट केली तरी!

घरी आणल्यावर दोन गोष्टी लगेच करायच्या. कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डाच्या खाचेत लावा. तशीच खाच मदरबोर्डवरही असते आणि पुष्कळ जण तिथेच लावून मोकळे होतात. मग महागडं कार्ड आत नुसतं बसून राहतं. आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. बऱ्याचदा तो आकडा ६० वरच असतो.

पुढच्या आठवड्यात धूळ! उघडलेलं कॅबिनेट कशाने झाडायचं आणि कशाने अजिबात झाडायचं नाही, ते बघू. तोवर तुमच्याकडे अशी एखादी यादी असेल तर पाठवा, आणि दुकानाचं नाव खोडून पाठवा, बरं का.