विश्लेषण : छोट्या विमान कंपनीचं तिकीट असेल, तर विमानतळावरचं लाउंज मिळतं का?

विमान पकडायला निघालेल्या माणसापुढे हातखंबा तिठ्याहून दोन पर्याय असतात. पाली, साखरपा, आंबा घाट करत गेलं की कोल्हापूर. लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ करत दक्षिणेला गेलं की चिपीचं सिंधुदुर्ग विमानतळ आणि त्यापुढे गोव्यातलं मोपा. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात धावपट्टी आहे, पण ती तटरक्षक दलाकडे. तिथून नियमित प्रवासी विमानं सुटावीत, याची वाट जिल्हा अनेक वर्षं पाहत आला आहे.

म्हणजे विमान सकाळी अकराचं असलं, तरी घर सोडायचं पहाटे. तीन-चार तास गाडीत काढल्यावर विमानतळावर आणखी दोन तास. अशा वेळी मोबाइलवर पाहिलेली रील आठवते : 'कार्ड दाखवा, दोन रुपयांत पोटभर जेवा.' पण तिकीट स्टार एअर, फ्लाय-९१ किंवा अलायन्स एअरसारख्या प्रादेशिक कंपनीचं असेल, तर हे लाउंज मिळतं का?

लाउंजचं बिल भरतं कोण?

याचं उत्तर समजलं की अर्धा गोंधळ संपतो. लाउंजमधलं जेवण कोणालाच फुकट नसतं. प्रत्येक प्रवाशामागे लाउंज चालवणाऱ्याला ठरलेली रक्कम मिळते. ती भरणारे साधारण तीन प्रकारचे. पहिली विमान कंपनी, जी बिझनेस क्लासच्या किंवा नेहमीच्या खास प्रवाशांसाठी पैसे मोजते. दुसरी कार्ड देणारी बँक किंवा रुपे, व्हिसा, मास्टरकार्डसारखं नेटवर्क. तिसरा स्वतः प्रवासी, जो दारात पैसे देऊन आत जातो. कार्डावर कापले जाणारे २ किंवा २५ रुपये हे जेवणाचे नसतात. कार्ड चालू आहे आणि त्यावर सवलत शिल्लक आहे, एवढंच त्यातून तपासलं जातं.

भारतातल्या देशांतर्गत प्रवासात लाउंजमध्ये जाणाऱ्यांची मोठी संख्या दुसऱ्या प्रकारातली आहे. कार्डावर जाणाऱ्या प्रवाशाला साधारणपणे दोन गोष्टी लागतात : त्याच्याच नावाचं पात्र कार्ड आणि त्याच दिवसाचा बोर्डिंग पास. बोर्डिंग पासवर कंपनी मोठी आहे की छोटी, याने सहसा फरक पडत नाही.

मग छोट्या कंपनीमुळे अडतं कुठे?

अडतं ते पहिल्या प्रकारात. एटीआर-७२ विमानात सत्तरच्या आसपास प्रवासी बसतात आणि बहुतेकदा सगळी आसनं एकाच वर्गाची असतात. कमी भाड्यावर चालणाऱ्या कंपनीने प्रत्येक प्रवाशामागे लाउंजचे पैसे भरायचे ठरवलं, तर हिशेब जुळत नाही. अपवादही आहेत. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरकडच्या ७६ आसनी एम्ब्राएर-१७५ विमानांत १२ आसनं बिझनेस क्लासची आहेत. पण बिझनेस क्लासच्या तिकिटात लाउंज धरलेलं आहे का, हे ते तिकीट काढतानाच वाचून घ्यावं. सगळीकडे असतंच, असं गृहीत धरू नये.

दुसरी अडचण नात्यांची आहे. एअर इंडिया २०१४ पासून 'स्टार अलायन्स' या जागतिक गटात आहे. या गटाचा 'गोल्ड' दर्जा असलेल्या प्रवाशाला गटातल्या कंपन्यांनी प्रवास करताना लाउंज मिळतं. अलायन्स एअर ही पूर्वी एअर इंडियाचीच उपकंपनी. चिपी विमानतळाचं ९ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्घाटन झालं, तेव्हा मुंबईहून पहिलं प्रवासी विमान तिचंच आलं होतं. एअर इंडिया टाटांकडे गेली आणि अलायन्स एअर सरकारकडे राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून तिचं आरक्षण आणि तिकीटविक्रीही वेगळी झाली. नावात 'अलायन्स' असलं तरी ती स्टार अलायन्सची सदस्य नाही. त्यामुळे एअर इंडियाच्या कार्डावरचा दर्जा तिथे दाखवून उपयोग नाही.

कार्ड पात्र आहे, पण लाउंज कुठे आहे?

दिवसाला मोजकीच विमानं सुटत असतील, तर तिथे लाउंज चालवणं परवडत नाही. स्वयंपाकघर, कर्मचारी आणि जागेचं भाडं याला पुरेल एवढी गर्दीच नसते. म्हणून सवलत कार्डावर असते, पण प्रवास सुरू होतो त्या विमानतळावर ती वापरायला जागा असेलच असं नाही. बँकेच्या यादीत विमानतळाचं नाव आहे का, हे आधी पाहावं. टर्मिनलही पाहावं, कारण एका टर्मिनलमधलं लाउंज दुसऱ्या टर्मिनलमधून सुटणाऱ्या प्रवाशाच्या कामाचं नसतं.

परतीच्या प्रवासात चित्र बदलतं. बेंगळुरू किंवा हैदराबादसारख्या मोठ्या विमानतळावर लाउंज असतं. तिथे छोट्या कंपनीचा बोर्डिंग पास आणि पात्र कार्ड असेल, तर काम होतं.

दोन रुपयांचं जेवण महाग का होतंय?

कार्डं वाढली, गर्दी वाढली आणि बँकांचं बिलही वाढलं. मग अटी आल्या. आयसीआयसीआय बँकेने अनेक क्रेडिट कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजार रुपये खर्चाची अट घातली होती. १५ नोव्हेंबर २०२४ पासून ती ७५ हजार झाली. म्हणजे एप्रिल ते जूनमध्ये लाउंज हवं असेल, तर जानेवारी ते मार्चमधला खर्च पाहिला जातो. प्रवासाच्या आदल्या दिवशी मोठी खरेदी करून हा हक्क मिळत नाही.

दुसरा धक्का मध्यस्थाचा होता. बँका आणि लाउंज यांना जोडणाऱ्या ड्रीमफोक्स या कंपनीची सेवा सप्टेंबर २०२४ मध्ये काही विमानतळांवर अचानक थांबली आणि प्रवासी दारातून परतले. १६ सप्टेंबर २०२५ रोजी या कंपनीने देशांतर्गत लाउंजची सेवाच बंद केल्याचं जाहीर केलं. बँकांना दुसरी व्यवस्था शोधावी लागली. त्यामुळे वर्षभरापूर्वीच्या रीलमधली माहिती आज खरी असेल, याची खात्री नाही.

लाउंज नसेल आणि विमानही उशिरा असेल तर?

इथे प्रवाशाचा खरा हक्क सुरू होतो आणि रीलमध्ये त्याचा उल्लेख क्वचितच असतो. लाउंज ही सवलत आहे, उशिराच्या वेळचा खाऊ हा नियम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या विमानप्रवासात दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर अपेक्षित असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं. चिपी किंवा कोल्हापूरहून सुटणाऱ्या प्रादेशिक विमानांचा प्रवास बहुधा याच गटात मोडतो.

देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातला पर्याय प्रवाशाला द्यावा लागतो. वेळेत न कळवता विमान रद्द केलं, तर भरपाईही आहे. तासाभरापर्यंतच्या प्रवासासाठी ५ हजार रुपये किंवा मूळ भाडं आणि इंधन शुल्क, यातली कमी असेल ती रक्कम. एक ते दोन तासांच्या प्रवासाला हीच मर्यादा साडेसात हजार. खराब हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल, तर भरपाई मिळत नाही. पावसाळ्यात कोकणात हे कारण वारंवार पुढे येतं.

तिकीट एजंटकडून काढलं असेल, तर त्यावर प्रवाशाचाच मोबाइल नंबर आहे ना, हे पाहावं. संपर्काची माहितीच दिलेली नसेल, तर भरपाईचा दावा अडतो.

दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर?

चिपीहून छोट्या कंपनीने हैदराबाद आणि तिथून दुसऱ्या कंपनीने पुढे, असं वेगवेगळं तिकीट असेल, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही. साधारणपणे बॅग घेऊन बाहेर यायचं, पुन्हा चेक-इन आणि सुरक्षा तपासणी करायची. बहुतेक लाउंज त्या तपासणीनंतर असतं. 'मधल्या तीन तासांत लाउंजमध्ये जेवू' हा बेत मग तासाभराच्या धावपळीवर येतो. अशा प्रवासात मधला वेळ जेवणासाठी नाही, विमान चुकू नये म्हणून राखून ठेवायचा असतो.

हातखंब्याहून निघताना काय करावं?

बँकेच्या ॲपमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात : या तिमाहीत सवलत सुरू आहे का, किती वेळा शिल्लक आहे आणि विमानतळ यादीत आहे का. घरातल्या चौघांत एकच कार्ड असेल, तर उरलेल्या तिघांचे पैसे द्यावे लागण्याची शक्यता जास्त. तो दर आधी विचारावा. विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' असेल, तर लाउंजची गरजही उरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यात असा पहिला कॅफे सुरू झाला, तेव्हा तिथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना होता.

आणि सोबत वयस्कर माणूस किंवा मधुमेही असेल, तर घरचा डबा बरोबर घ्यावा. पोळी-भाजीसारखं कोरडं खाणं देशांतर्गत प्रवासात सुरक्षा तपासणीतून नेता येतं. त्याला तिमाहीच्या खर्चाची अट नाही.